आपल्या वाट्याचा बांध

वरसे, रोहा
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

धनेशदादा,

प्रभूमध्ये सलाम. आपल्या मंडळीत पत्र, फोन आणि भांडण या तिन्हींची सुरुवात याच शब्दांनी होते, म्हणून मीही लिहिलं. मी बरी आहे. शाळेत यंदा आठवीचं विज्ञान माझ्याकडे आलंय. वर्गावर पत्रा आहे आणि पंखा एकच, तोही बाईंच्या टेबलावर. मुलं घामाने भिजलेली असताना मला तो लावायची लाज वाटते, म्हणून आम्ही सगळेच भिजतो. आईचा गुडघा तसाच आहे. पेणच्या डॉक्टरकडे ती जात नाही, तेल चोळते आणि घरभर वास करून ठेवते. रामवाडीत तुझ्या खोलीवर पाणी येतंय का?

आता मुद्द्यावर येते. पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी आवाज चढवला की तू म्हणतोस, "चल नमू, आपण प्रार्थना करू," आणि लगेच सुरू करतोस. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही. आमेन झाल्यावर भांडण पुन्हा काढलं तर वाईट मी दिसते. कागदावर तुला डोळे मिटता येणार नाहीत.

बाबा रविवारपासून नीट जेवत नाहीत. आई सोमवारी फोनवर म्हणाली, "भाकरी ताटात फिरवतो नि उठतो. इचारलं तर म्हनतो, भूक नाय. ह्या मानसाला भूक नाय हे मी लग्नापासून आज पयल्यांदा ऐकते." काल ते आईला म्हणाले की आता ते तुमच्या रामवाडीच्या सभेला येणार नाहीत. गावाच्या देवळात तर ते आधीच जात नाहीत. म्हणजे आपला बाप आता ना इकडचा ना तिकडचा, आणि हे काम तू एका वाक्यात केलंस.

तुला आठवत नसेल तर सांगते. रविवारी सभेत साक्षीच्या वेळी बाबा उभे राहिले. विश्वासात आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती पिळत होते, जशी काही ओली आहे. म्हणाले, "मी नाथा. मना बोलता येत नाय. दोन वर्सामागं उधानाला आमच्या वाट्याच्या बांधावर मी गेलो नाय, नि जनीचं शेत गेलं. ह्या सालच्या उधानाला मी चार दिस बांधावर होतो. माझा तुकडा भरला, जनीच्या म्होरचा पन भरला. आता प्रभूम्होरं जायला मना तोंड हाय."

एवढंच. बासष्ट वर्षांच्या माणसाने, ज्याचा जन्म मिठागरात गेला, ज्याला स्वतःचं नाव लिहायला मी शिकवलं, त्याने वीस लोकांसमोर एवढं बोलायला किती दिवस तयारी केली असेल याचा विचार कर. आणि तू हसून म्हणालास, "बाबा, चिखलानं पाप धुऊन निघत नाही."

लोक हसले. त्यांचा दोष नाही. रात्रपाळी करून आलेली माणसं, त्यांना हसायला निमित्त लागत नाही. पण तू पास्टर आहेस. तू हसलास म्हणून ते हसले. मग तू प्रभुभोजनाचं ताट उचललंस, एकेकापुढे गेलास आणि बाबांना सोडून पुढे गेलास. स्वतःच्या बापाला.

मला शास्त्र शिकवू नकोस. तारण कृपेने मिळतं, ते कोणाला कमावता येत नाही, हे मला पाठ आहे. लहान मुलांच्या वर्गात मीच ते शिकवते. पण मला सांग, ज्याला फुकट मिळालंय तो माणूस हातात घमेलं घेऊन उभा राहिला तर तुमचं काय बिघडतं? बाबांनी कुठे म्हटलं की मला स्वर्ग द्या? ते म्हणाले, मला तोंड आहे. दोन वर्षं त्यांना जनीकाकूच्या दारावरून जाताना मान वर करता येत नव्हती, आता येते, एवढंच ते सांगत होते. तुला त्यात चुकीची शिकवण दिसली.

तुझ्या तोंडी कृपा हा शब्द आला की मला वाटतं कोणाचं तरी काम टाळलं जातंय. या उधाणाला मी मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की खाडीच्या बांधाला दोन ठिकाणी चिरा गेल्यात, माणसं हवीत. उत्तरं काय आली? हात जोडलेल्यांची चित्रं. सतरा जणांनी हात जोडले, एकाचा हात मातीला लागला नाही. आम्ही प्रार्थनेत आहोत ताई. भरतीला प्रार्थना कळते की नाही मला माहीत नाही, पण चिखलाचं ढेकूळ नक्की कळतं.

आई तर विश्वासातही नाही, तिला सुद्धा हे दिसतं. परवा म्हणाली, "तुमचा देव फुकट तारतो म्हनं. मग तू गो कशाला मरतेस? शनवारी येतेस, जनीचं पानी भरतेस, रविवारी त्या सभेच्या हालाला झाडू मारतेस, पोरं शिकवतेस, परत येऊन जनीची भांडी. फुकट मिलालेल्या मानसाची ही तऱ्हा हाय, तर ज्याला मोल पडलं त्यानं काय करावं?"

आणि तू? तू दोन वर्षं घरी पाय ठेवला नाहीस. आई तुला जिते स्टेशनच्या बाकावर बोंबलाचा डबा आणून देते, जसा काही तू परगावचा पाहुणा आहेस आणि तुझी गाडी दहा मिनिटं थांबणार आहे. तू कृपेवर पंचेचाळीस मिनिटं बोलू शकतोस, पण बापाच्या ओट्यावर पाच मिनिटं बसू शकत नाहीस. जनीकाकूचं शेत तू पाहिलं नाहीस. मी पाहते, दर शनिवारी. खारं पाणी शिरलं त्याला दोन वर्षं झाली, तिथे आता तिवरांची झुडपं उगवलीत, माझ्या कमरेएवढी. ती तोडायलाही सरकारी बंदी. काकू पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जाते. संध्याकाळी येते तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असतात. तिच्या शेतात जे भात होत होतं ते आता कधीच होणार नाही, आणि हे बांधाचा जो तुकडा आपल्या घराने राखायचा, त्यातून गेलेल्या पाण्याने झालं. दोन वर्षांमागच्या त्या रविवारी आपल्या घरातून कोणी गेलं नाही म्हणून झालं. गावात शेंबडं पोरही सांगेल का गेलं नाही ते. धनेशने बापाला अडवलं. पाद्री झाला नि बापाला बांधावर जाऊ दिलं नाही, कारण तिथे खाडीला नारळ देतात.

हे मी लिहून ठेवलं, आता खोडत नाही.

दादा, रविवारबद्दल मी दोन गोष्टी नीट लिहिल्या नाहीत. तू ताट घेऊन बाबांना सोडून गेलास असं मी वर लिहिलंय. खरं म्हणजे तू त्यांच्यापुढे थांबलास. बराच वेळ थांबलास. बाबांनी टोपी तोंडावर धरली आणि मान हलवली, मग तू पुढे गेलास. हे मी पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट. तुझ्या त्या वाक्यानंतर, लोक हसत असताना, बाबा आणखी काही बोलले. मंडळीतल्या बहुतेकांना ते ऐकू गेलं नसेल. ते म्हणाले, "पन तूच सांगितलंस म्हनून थांबलो होतो ना रं मी."

आणि तू माझ्याकडे पाहिलंस. एक क्षण. मग भाकर उचललीस.

आज पुढे लिहवत नाही. उद्या वह्या तपासायच्या आहेत.


रविवार, १४ सप्टेंबर
गावाकडे, घरून

दादा,

आज मी सभेला आले नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मुलांचा वर्ग कोणी घेतला माहीत नाही. बुधवारचं पत्र पोस्टात टाकलं नाही. ते इथे घेऊन आले, वाचलं, फाडावंसं वाटलं, पण तसंच ठेवतेय. मी कशी लिहिते ते तुला दिसू दे. सगळं खरं लिहून मी खोटं कशी सांगू शकते ते.

तीन सप्टेंबर, दोन हजार तेवीस. माझा बाप्तिस्मा होऊन तीन आठवडे झाले होते. बाबांचा पुढच्या रविवारी ठरला होता, कुंडलिकेच्या घाटावर. सकाळी गावच्या बांधाची देखरेख करणाऱ्या पुंडलिकतात्यांनी दारोदार आवाज दिला की बांधाला चीर गेली आहे, दुपारच्या भरतीआधी घरटी एक माणूस पाहिजे. मी तुला फोन केला. तू सभेच्या तयारीत होतास, मागे कोणीतरी पेटीचे सूर बघत होतं. मी म्हटलं, दादा, बाबा तिथे गेले तर नारळाला हात लावतील, सगळे लावतात, मग तात्या तो पाण्यात सोडतात. आठवड्यावर बाप्तिस्मा आहे. काय करू?

तू काय म्हणालास ते मला शब्दाशब्दाने आठवतं. तू म्हणालास, "नारळ त्यांचा, चिखल आपला. बाबांना फावडं घेऊन जाऊ दे. मी सभा आटोपून येतोच."

बाबा दारात उभे होते, फावडं खांद्यावर. विचारलं, "काय म्हनतो धनेश?"

मी म्हटलं, "नको म्हणतो."

आईने चुलीकडून विचारलं, "खरंच नको म्हनतो?" मी म्हटलं, "व्हय."

बास. एवढंच केलं मी. तुझं नाव वापरलं, कारण माझं त्यांनी ऐकलं नसतं. मी घरातली शिकलेली, बाबा मला फॉर्म भरायला विचारतात, औषधाच्या गोळ्या विचारतात, पण बांधाचं मला कशाला विचारतील? तुझं ऐकलं. तू तेव्हा नुकताच दारूतून बाहेर आला होतास, तुझ्या शब्दाला घरात नवीन वजन होतं. ते मी उचललं आणि दाराला आडवं लावलं.

बाबा ओट्यावर बसले, फावडं मांडीवर. बांधावरच्या माणसांचा कालवा इथपर्यंत ऐकू येत होता. दोनदा उठले, दोनदा बसले. मी आत शास्त्र उघडून बसले होते, आणि दादा, मला आनंद होत होता. हे मी अजून कोणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं मी बाबांना वाचवलं. एका नारळाने त्यांचं तारण जाईल अशी मला भीती होती, आणि घरी बसवल्याने ते टिकेल अशी खात्री. तू सभेत सांगतोस ना, काही लोक कर्मांनी तारण मिळवायला जातात? मी तर न जाण्याच्या कर्मानेही मिळवायला निघाले होते.

अडीच वाजता आपल्याच तुकड्यात खांड पडली. बावीस हात बांध, तिथेच माणूस नव्हता.

तू आलास तेव्हा पाणी जनीकाकूच्या शेतात पसरलेलं होतं. बाइकवरून थेट सभेच्या पांढऱ्या शर्टात आलास, पँट दुमडत होतास. पुंडलिकतात्या म्हणाले, "आलास व्हय? बापाला घरात बसवलास, नि आता धुतलेल्या कापडात चिखल बघाया आलास?" तू म्हणालास, "मी बसवलं?" आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी कळशी घेऊन उभी होते, माणसांना पाणी द्यायला गेले होते. मी कळशीत बघितलं.

तू म्हणालास, "चुकलं तात्या. माझं चुकलं."

तात्या म्हणाले, "मग परत ह्या गावात पाय नको." आणि तू बाइक वळवलीस.

मी बुधवारी लिहिलं की तू दोन वर्षं घरी पाय ठेवला नाहीस.

त्या संध्याकाळी मी तुझ्या फोनची वाट पाहिली. तू शिव्या देशील, निदान विचारशील. तू मेसेज केलास की बाबांची काळजी घे. दुसऱ्या आठवड्यात भेटलो तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवलास. बाबांना नदीत बुडवायच्या आधी ते तुला काय म्हणाले ते मी काठावरून ऐकलं, "तू सांगितलंस ते केलं रं मी." तू म्हणालास, "व्हय बाबा."

आता माझं ऐक. मी कबुली देतेय म्हणून मवाळ झाले असं समजू नकोस. मी तुझ्यावर दोन वर्षं धुमसतेय, आणि आज मला कळलं का ते.

तू मला न विचारता सोडलंस. तुला वाटलं ही कृपा आहे. तू मनात म्हणाला असशील, प्रभूने माझी दारू धुतली, मी हिचं एक खोटं पोटात घालतो. पण ते घालायला तुझं पोट पुरलं का? तुझं गाव तुटलं, ते तुझं तू दिलंस, ठीक. पण बाबांचं काय? तू गप्प राहिलास म्हणून बाबांना वाटत राहिलं की त्यांनी मुलाच्या शब्दाखातर जनीचं शेत बुडवलं. आजारी माणूस, दम लागतो, चार दिवस कमरेएवढ्या चिखलात. तू मला माफ केलंस आणि ओझं वाहिलं त्यांनी. असली कसली कृपा, दादा, जी देणारा एक, घेणारा दुसरा, आणि खांदा तिसऱ्याचा?

आणि रविवारचं ते वाक्य. चिखलानं पाप धुऊन निघत नाही. ते तू बाबांकडे बघून बोललास, पण ते माझ्यासाठी होतं. नाही म्हणू नकोस. या उधाणाला मीही बांधावर होते, माझ्याही तळहाताला फोड होते, आणि ते तू पाहिले होतेस. झाडू, वर्ग, काकूचं पाणी, काकूची भांडी, तुला सगळं माहीत होतं ते कशासाठी चाललंय. तुला मला सांगायचं होतं की थांब, याने काही होणार नाही. मग मला सांगायचंस. रामवाडीच्या त्या जिन्यात मला अडवून सांगायचंस. तू ते वीस माणसांत बापाच्या तोंडावर मारलंस, कारण माझ्या तोंडावर मारायची तुला दया आली.

काल दुपारी मी बाबांना सांगितलं.

ते ओट्यावर जुन्या सुतळीची गुंडाळी करत होते. आई शेजारी सुकट निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, वर लिहिलंय तसंच, फोन, तुझे शब्द, माझे शब्द. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. बाबा सुतळी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे धनेश जा म्हनला होता?"

"व्हय."

"नि तू नको म्हनलीस."

"व्हय."

त्यांनी सुतळीला गाठ मारली. मग त्यांनी विचारलं, "मग दोन वर्स मी कुनाचा चिखल वाह्यला गो?"

आई सुकटाचं सूप बाजूला ठेवून उठली. मला वाटलं मारते. ती म्हणाली, "माझा पोरगा तिथं ठेसनावर बसून खातो, भिकाऱ्यावानी. दोन वर्स. नि तू दर शनवारी माझ्या शेजारी जेवतेस." ती आत गेली आणि तिने भांडी इतक्या जोरात घासायला घेतली की शेजारची माणसं डोकावली.

मी बाबांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. लाथ मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

आज सकाळी जनीकाकूकडे गेले. तिला रविवारची सुट्टी नव्हती, गणपती संपले तरी कारखान्यात आता देवीच्या मूर्ती सुरू आहेत, ती डबा भरत होती. तिला पण उभ्यानेच सांगितलं. ती ऐकत होती आणि भाकरी कापडात बांधत होती. मी म्हटलं, काकू, मला माफ कर. ती म्हणाली, "कर म्हनलीस म्हनून करू?" तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मना वाटायचं, नाथाची पोर किती गुनाची. शिकली पन माज नाय. माझ्या घरी पानी भरते. मी चार बायांत सांगायची. आता मी त्यांना काय सांगू गो?" दार लावताना म्हणाली, "तुझं पानी नको मना. माझे हात हायत. तुला लाज वाटते तर वाटू दे. ती माझ्या हंड्यात नको ओतू."

दादा, दोन वर्षांत मी तिच्याकडे किती कळश्या पाणी भरलं असेल? ते सगळं तिने एका वाक्यात परत केलं, आणि तिचं काही चुकलं नाही. माझं चांगलं काम तिच्यासाठी नव्हतंच. ते मला माझ्यासाठी लागत होतं. तू जे सभेत शिकवतोस ते मला तुझ्यामुळे कधी कळलं नाही. जनीकाकूने दार लावल्यावर कळलं, आणि तिने तुमचं शास्त्र हातातही घेतलेलं नाही.

पण मी तुझं सगळं मान्य करत नाही. फुकट मिळतं म्हणून गप्प बसणं मला अजूनही पाप वाटतं. मी उद्या पुंडलिकतात्यांकडे जाणार आहे. त्याने काही धुऊन निघणार नाही, हे कळून जाणार आहे. बांधावर पुढच्या उधाणालाही जाईन, मला कोणी हाकललं नाही तर. हाकललं तर दुरून बघेन. खांड ही खांड असते, ती भरायला हवी, भरणारा कसाही असो. यात तुझं काय म्हणणं आहे ते मला नको सांगूस, निदान इतक्यात.

बाबा आज दुपारी जेवले. माझ्याशी बोलले नाहीत, आईकडे बघून बोलले. म्हणाले, "धनेशला घरी ये म्हनावं. पुंडलिकाला मी बघतो." आणखी म्हणाले, "पंगतीला येईन म्हनावं. पन ती मानसं हसली, ती मना अजून ऐकू येतात." प्रभुभोजनाला ते पंगत म्हणतात, तुला माहीत आहे. तू कितीदा सुधारलंस.

म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ताट बाबांपुढे आधी ने. त्याआधी लोकांना सांग की ते हसले ते चुकलं आणि तू हसलास ते जास्त चुकलं. नको उपदेश, नको समजावणं. त्या दिवशी फोनवर कोण काय म्हणालं ते मी सांगेन, साक्षीच्या वेळी, बाबा उभे राहिले होते तिथे उभी राहून. मला मध्येच खाली बसवू नकोस, माझ्याऐवजी बोलू नकोस, मला वाचवायला पुढे येऊ नकोस. आणि ताट माझ्यापुढे आलं तर मी हात पुढे करेन की नाही, ते आज मला माहीत नाही. माझा हात नसेल तर थांबून राहू नकोस. पुढे जा.

एक गोष्ट मात्र तू केली पाहिजेस. तू माझ्यावर कधी रागावलाच नाहीस. त्या दिवशी बांधावर नाही, नंतर नाही, या रविवारी सुद्धा नाही. मी दोन वर्षं वाट पाहिली. माझ्यामुळे तुझं घर गेलं, आणि तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. जिच्यावर कोणी रागावतच नाही, तिला माफ केलंय हे तिला कळणार कसं? तिला एवढंच वाटत राहतं की आपण केलेलं कोणी पाहिलंच नाही, आणि मग ती आयुष्यभर हंडे भरत बसते.

घरी ये. आईने तुझं ताट काढून ठेवलंय. पण माझ्याशी बोलशील तेव्हा आधी प्रार्थना नको. डोळे उघडे ठेव आणि तुला माझ्याबद्दल जे वाटलं असेल ते मोठ्या आवाजात सांग, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. मग माफ करायचं असेल तर कर, नसेल तर नको.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. या वेळी राग असावा, ही विनंती.

जिला तू न विचारता माफ केलंस,
ती तुझी बहीण,
नम्रता